आत्याचा वर्ग आणि दादाचं अपलोड: ईसीएन लावताना

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी सकाळी सातला एकाच कनेक्शनवर दोन कामं चालतात. आत्या पुण्यातल्या मुलींना व्हिडिओवर गाणं शिकवते आणि दादा रात्री कापून ठेवलेल्या लग्नाच्या फिल्म सर्व्हरवर चढवतो. त्याचं अपलोड सुरू झालं की तिचा आवाज तुटायचा. यमनचा तीव्र मध्यम तिने जीव ओतून लावावा आणि पलीकडून "आत्या, ऐकू नाही आलं" यावं, हे मला बघवेना.

दोष वाटेतल्या रांगेचा. पुढे जायला थांबलेल्या डेटाच्या तुकड्यांची, म्हणजे पॅकेटांची, रांग तुंबली की पॅकेट फेकलं जातं, पाठवणाऱ्याला ते उशिरा कळतं आणि तेच पुन्हा पाठवावं लागतं. २००१ सालच्या आरएफसी ३१६८ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने दुसरी सोय दिली, ती ईसीएन (एक्स्प्लिसिट कंजेशन नोटिफिकेशन). पॅकेट न फेकता राउटर त्यावर गर्दीची खूण करतो, घेणारा ती पाठवणाऱ्याला कळवतो आणि तो वेग कमी करतो. क्लायंटने मागायचं, सर्व्हरने मान्य करायचं, राउटरने खूण करायची. तिघांतला एक जरी हटला तरी काम अडलं.

सुरुवात राउटरपासून करा. मी आधी दोन्ही टोकं बदलून बसले आणि दोन दिवस काहीच फरक पडला नाही, कारण रांग आमच्या राउटरमध्ये नव्हतीच, ती पुढच्या मोडेममध्ये साचत होती. ती आपल्या हातात आणायला ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीत एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज टाका, त्यात केक ही रांगेची पद्धत निवडा आणि अपलोडचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगापेक्षा थोडा कमी द्या. आमचा २० एमबीपीएस मिळतो, मी १८ दिला. केकमध्ये ईसीएन वेगळं चालू करावं लागत नाही.

आता दादाचं लिनक्स मशीन. सिसीटीएलमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नेलच्या सेटिंगांत, नेट.आयपीव्ही४.टीसीपी_ईसीएन ही किंमत बघा. ० म्हणजे बंद. २ म्हणजे समोरच्याने मागितलं तर हो म्हणायचं, स्वतः मागायचं नाही. बहुतेक ठिकाणी हीच सापडते. १ म्हणजे स्वतःही मागायचं. अपलोड करणाऱ्या मशीनवर १ करा. सर्व्हरवर २ असेल तर तिथे हात लावू नका, तेवढं पुरेसं आहे. रीबूटनंतर टिकावं म्हणून ही ओळ ईटीसी/सिसीटीएल.डी मधल्या फाइलीत लिहा. वाटेत एखादं जुनं उपकरण अशी जोडणी अडवत असेल, तर टीसीपी_ईसीएन_फॉलबॅक १ असल्यावर लिनक्स ईसीएनशिवाय पुन्हा प्रयत्न करतं, म्हणून ते १ च राहू द्या.

बोलणी जोडणीच्या सुरुवातीलाच होतात, त्यामुळे चालू असलेलं अपलोड थांबवून नव्याने जोडा. मग टीसीपीडंप हे पॅकेटं दाखवणारं साधन लावून पहिली दोन पॅकेटं बघा. जाणाऱ्यावर [एसईडब्ल्यू] आणि येणाऱ्यावर [एस.ई] दिसलं की दोघांचं जमलं. नुसतं [एस.] परत आलं, तर सर्व्हरवर किंमत ० आहे का किंवा वाटेत कोणी हे ई-डब्ल्यू झेंडे (फ्लॅग) पुसतंय का, ते शोधा.

आमच्याकडे हे सगळं नीट दिसत होतं, तरीही राउटरवर रांगेचे आकडे देणाऱ्या टीसी -एस क्यूडिस्कमध्ये खुणांचा आकडा शून्यच आणि फेकलेल्या पॅकेटांचा मात्र वाढत चाललेला. शेवटी सापडलं. राउटर बसवताना कोणीतरी आयपीटेबल्समध्ये (पॅकेटांवरचे नियम) सगळ्या जाणाऱ्या पॅकेटांवर टीओएस, म्हणजे प्राधान्याचा खण, ठरवणारा नियम लिहून ठेवला होता, कोणती बिटं बदलायची ते सांगणारा मास्क न देता. मास्क नसला की तो अख्खी आठ बिटं लिहितो. त्यात शेवटची दोन ईसीएनची, तीही शून्य. मग केकला वाटतं, याला खूण समजत नाही, आणि तो पॅकेट फेकतो. त्या जागी डीएससीपीचा, म्हणजे त्याच खणातल्या प्राधान्याच्या भागाचा, नियम लिहिला; तो वरच्या सहा बिटांनाच हात लावतो. पुढच्याच अपलोडला खुणा वाढू लागल्या.

एक गैरसमज मात्र करून घेऊ नका. आत्याचा व्हिडिओ टीसीपीवर नाही, यूडीपी या वेगळ्या पद्धतीने जातो, या टीसीपीच्या सेटिंगचा त्याच्याशी संबंध नाही. तिचा आवाज सुधारला तो केकमुळे, कारण तो प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतो. ईसीएनचा फायदा दादाला: त्याची पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवावी लागत नाहीत.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) साठी वेगळी ओळ शोधत बसू नका. नावात आयपीव्ही४ असलं तरी तीच किंमत दोन्हींना लागू होते.