स्त्री-पुरुषांचा जनुकीय डेटा वाचताना या चुका टाळा

मुंबईतल्या कलिना-परळच्या प्रयोगशाळांत आरएनए सिक्वेन्सिंगचा (पेशीत कोणती जनुकं किती चालू आहेत, ते वाचण्याच्या तंत्राचा) डेटा घेऊन बसणाऱ्यांच्या विश्लेषणात एक ओळ वारंवार दिसते: ‘एक्स आणि वाय गुणसूत्रांवरची जनुकं वगळली.’ ही सर्वांत महागात पडणारी चूक. एकट्या एक्सवर प्रथिनं बनवणारी आठशेहून अधिक जनुकं आहेत, आणि रोगप्रतिकारशक्तीची कितीतरी महत्त्वाची जनुकं त्यांत येतात.

खरं तर सॅम्पल अदलाबदल झाले का, हे याच जनुकांवरून पहिल्यांदा तपासावं. एक्सआयएसटी हे जनुक दोन एक्स असलेल्या पेशींत जोरात चालतं, आरपीएस४वाय१ फक्त वाय असेल तिथे. नोंदवहीत ‘स्त्री’ आणि डेटात वायची जनुकं दिसली, तर आधी नळ्यांवरची लेबलं पाहा. पण लगेच सॅम्पल फेकू नका. वयस्क पुरुषांच्या रक्तपेशींतून वाय नाहीसं होऊ शकतं, कर्करोगाच्या पेशींत एक्सआयएसटी बंद पडलेलं असू शकतं, आणि दोन्ही जनुकं चालू दिसली तर ती व्यक्ती एक्सएक्सवाय (दोन एक्स आणि एक वाय असलेली) असू शकते.

एक्स आणि वायवरची काही जनुकं एकमेकांशी खूप मिळतीजुळती आहेत, उदाहरणार्थ डीडीएक्स३एक्स आणि डीडीएक्स३वाय. त्यामुळे स्त्रीच्या सॅम्पलचे रीड्स, म्हणजे वाचलेले छोटे तुकडे, जुळवणी करताना चुकून वायवर जाऊन बसतात. एक्सएक्स सॅम्पलसाठी संदर्भ जीनोममधलं (ज्याच्याशी तुकडे जुळवतात त्या नमुना जीनोममधलं) वाय झाकून टाका. एक्सवाय सॅम्पलसाठी वायच्या टोकांचे, एक्सशी तंतोतंत जुळणारे भाग तेवढे झाका.

आता सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज: ‘स्त्रीच्या पेशीत एक एक्स बंद असतो, म्हणून हिशेब समान.’ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये एक्स बंद होण्याची कल्पना मांडली, ती बरोबरच होती. पण माणसात एक्सवरची सुमारे १५ टक्के जनुकं बंद एक्सवरूनही चालू राहतात, आणि आणखी काही व्यक्तीनुसार बदलतात. टीएलआर७ हे रोगप्रतिकारशक्तीचं जनुक काही रोगप्रतिकारक पेशींत असंच बंद होण्यातून निसटतं. ल्युपस या, शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराच्या, दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया का असतात, याचा एक धागा इथे मिळतो. एक्सएक्सवाय पुरुषांत ल्युपसचा धोका इतर पुरुषांपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे सगळं इस्ट्रोजेनवर ढकलता येत नाही.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: फरक दिसला की तो गुणसूत्रांचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीटीईएक्स (माणसाच्या वेगवेगळ्या ऊतींतली जनुकं तपासणारा प्रकल्प) याच्या अभ्यासात ४४ ऊतींपैकी निदान एका ऊतीत तरी ३७ टक्के जनुकांची अभिव्यक्ती (जनुक किती चालू आहे ते) स्त्री-पुरुषांत वेगळी निघाली. त्यातले बहुतेक फरक अगदी लहान होते आणि बहुतेक जनुकं एक्स-वायबाहेरची होती. स्तनाच्या ऊतीत तर ग्रंथीच्या पेशींचं प्रमाणच वेगळं असतं. पेशींचं मिश्रण न तपासता ‘जनुकाचं नियंत्रण बदललं’ म्हणू नका. वय, पाळी बंद झाली का, हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, हे रुग्णाला विचारून लिहून ठेवा. ही माहिती नंतर कुठूनही मिळत नाही.

आणि ‘स्त्रियांत परिणाम दिसला, पुरुषांत नाही’ एवढ्यावर लिंगभेद सिद्ध होत नाही. दोन्ही परिणामांमधला फरक थेट तपासावा लागतो. पुरुषांची सॅम्पल कमी असली, तरी हाच आभास होतो.

दवाखान्यातही हे सगळं लागू पडतं. लाल रक्तपेशींना जपणारं जी६पीडी हे विकर (एन्झाइम) बनवणारं जनुक एक्सवर आहे, आणि त्या विकराची कमतरता मुंबईच्या पारशी समाजात फार पूर्वीपासून नोंदलेली आहे. एक सदोष प्रत असलेल्या स्त्रीच्या काही लाल पेशी धडधाकट, काही कमकुवत असतात. झटपट चाचणी त्यामुळे ‘नॉर्मल’ येऊ शकते. व्हायवॅक्स मलेरियासाठी प्रायमाक्विन हे औषध या कमतरतेत लाल पेशी फोडू शकतं, म्हणून ते लिहिताना ही कमतरता असलेल्या घरातल्या स्त्रीची विकराची पातळी आकड्यात मोजून घ्या.