नवीन यूव्ही फिल्टर हातात आला, खरा की गळका ते कसं बघायचं

आधी एक क्लिअर करू, दुकानदार लेन्ससोबत गळ्यात मारतो तो "यूव्ही फिल्टर" यूव्ही अडवणारा असतो. यूव्हीत (डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील किरणांत) फोटो काढायला आपल्याला हवाय बरोबर उलटा, फक्त यूव्ही आत सोडणारा, म्हणजे दिसायला जवळपास काळी काच. हल्ली ऑनलाइन झेडडब्ल्यूबी१, झेडडब्ल्यूबी२ अशा नावांनी चायनीज काचा स्वस्तात येतात, कुणाच्या जुन्या सामानात शॉट कंपनीची यूजी११ नाहीतर होया कंपनीची यू-३६० सापडते, आणि कधीकधी रिंगवर काही लिहिलेलंच नसतं. कॅमेरा फुल स्पेक्ट्रम (म्हणजे सेन्सरवरची यूव्ही-इन्फ्रारेड अडवणारी काच काढून) करून घेतलाय आणि लेन्स यूव्ही सोडणारी आहे (एन्लार्जरची, म्हणजे फिल्मचे फोटो मोठे करायच्या यंत्राची, जुनी एल-निक्कोर ८० एमएम चालते) असं धरून चालतोय, नाहीतर फिल्टर तपासून कळणार काय, कप्पाळ!

यूव्ही जातं का हे बघायला ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च आणि एक नोट पुरते. नोटेवर टॉर्च मारला की नंबर आणि आतले बारीक तंतू चमकतात, मध्ये फिल्टर धरा, तरी चमकले तर यूव्ही जातंय. झालं. पण ह्यावर खूश होऊ नका, कारण खरा प्रश्न आहे अजून काय काय जातंय, आणि ह्या बहुतेक काळ्या काचा ३६० नॅनोमीटरच्या आसपास उघडतात तशा ७०० च्या पुढे, लाल-इन्फ्रारेडमध्ये, परत थोड्या उघडतात. उन्हात यूव्ही आधीच कमी, त्यातलं लेन्स खाते, सेन्सरही यूव्हीला मंद, आणि इन्फ्रारेडला मात्र सगळे दरवाजे मोकळे, म्हणून गळती अगदी बारीक असली तरी फोटो तीच खाऊन टाकते. विक्रेता जो टक्क्यांचा ग्राफ दाखवतो त्यात हजारात एक भाग गळती रेषेच्या जाडीतच लपते, त्यामुळे ग्राफ मागायचाच तर ओडीचा (ऑप्टिकल डेन्सिटी, प्रकाश किती अडतो त्याचं माप) मागा. ओडी ३ म्हणजे हजारात एक.

घरातली पहिली टेस्ट जुन्या पिवळ्या फिलामेंटच्या बल्बची. त्यात यूव्ही नावालाच, इन्फ्रारेड भरपूर. अंधाऱ्या खोलीत बल्बकडे फिल्टरमधून बघा, फिलामेंट गडद लाल दिसला तर ७०० च्या आसपास गळती आहे. हे सूर्याकडे बघून करायचं नाही, कधीच नाही. काच काळी दिसते म्हणून डोळा निवांत राहतो आणि यूव्ही, इन्फ्रारेड दोन्ही थेट आत. टीव्हीच्या रिमोटची टेस्टही लोक सांगतात (फिल्टर लावलेल्या कॅमेऱ्यात रिमोटचा दिवा दिसतो का बघायचं), पण रिमोट साधारण ९४० ला चमकतो आणि गळती बऱ्याचदा ७२० च्या जवळ असते, तेव्हा रिमोट पास झाला म्हणून फिल्टर पास होत नाही.

दुसरी, उन्हात एक झाड आणि वर आकाश असा फोटो काढा. खऱ्या यूव्हीत पानं जवळजवळ काळी आणि आकाश पांढुरकं, धुरकट. उलटं झालं, पानं उजळ आणि आकाश गडद, तर तुम्ही इन्फ्रारेड काढताय राव. सूर्यफूल मिळालं तर फारच छान, डोळ्याला पूर्ण पिवळं दिसणाऱ्या पाकळ्या यूव्हीत बुडाशी काळ्या आणि टोकाशी उजळ दिसतात, गळक्या फिल्टरमध्ये हा फरक पुसट होतो. घरातला चष्माही शेजारी ठेवा, बहुतेक प्लास्टिकच्या काचा खऱ्या यूव्हीत गॉगलसारख्या काळ्या येतात. व्हाइट बॅलन्स प्लंबरच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपवर घ्या. बॅलन्स केल्यावर रंग भारी आले म्हणून फिल्टर चांगला असं मात्र नाही हां.

आता मुख्य टेस्ट. ट्रायपॉड, मॅन्युअल, रॉ, ऑटो आयएसओ बंद. पहिला फोटो नुसत्या फिल्टरने, एक्सपोजर नीट बसवून. दुसरा त्याच सेटिंगवर, पण फिल्टरवर लाल २५ नंबरचा फिल्टर चढवून, जो यूव्ही पूर्ण अडवतो आणि लाल-इन्फ्रारेड सोडतो. तिसरा लेन्स कॅप लावून. दुसरा आणि तिसरा सारखेच काळे आले तर लाल-इन्फ्रारेडची चिंता मिटली. दुसऱ्यात पानं उगवली तर मग मोजा, पहिल्याइतका उजेड यायला एक्सपोजर किती स्टॉप वाढवावं लागतं ते. ५ स्टॉप म्हणजे ३२ त एक, साधारण ३ टक्के गळती, माझ्या मते नापास. ७ स्टॉपच्या पुढे, म्हणजे एक टक्क्याच्या आत, फुलांच्या कामाला ठीक. इथे लाल २५ च्या जागी आर७२ (७२० च्या पुढचं इन्फ्रारेड सोडणारा फिल्टर) वापरू नका, ७२० च्या अलीकडची गळती तो स्वतःच खातो आणि फिल्टर उगाच साव ठरतो. निळी-जांभळी गळती वेगळी, तिला हलका पिवळट, ४२० ला कापणारा फिल्टर लागतो.

नापास झाला म्हणून लगेच फेकू नका. वर एस८६१२ ह्या इन्फ्रारेड अडवणाऱ्या काचेचा दीड-दोन मिलिमीटरचा तुकडा लावला तर इन्फ्रारेड मरतं, तशाच बीजी३९ काचेने पण मरतं पण ती यूव्ही जास्त खाते. मग हीच तीन फोटोंची टेस्ट जोडीवर परत.

फिल्टर कोटिंगवाला असेल, जसा शुक्र ग्रहाच्या ढगांसाठी बनवलेला बाडर कंपनीचा यू फिल्टर, तर वाइड लेन्सवर कोपरे नक्की तपासा, तिरक्या प्रकाशात कोटिंगची हद्द सरकते आणि कडेला वेगळा रंग येतो. आणि जुनी काच घेताना तिरक्या उजेडात पृष्ठभाग बघा, ह्या काचांवर दमटपणाने धुरकट थर चढतो, कोकणात राहत असाल तर सिलिका जेल घालून डबाबंदच ठेवा.