एसएनपी आपटली म्हणजे स्कॉटलंडचं स्वातंत्र्य संपलं का? ही बातमी वाचायची कशी

५ जुलै २०२४ ची सकाळ, मी इकडे एडिनबरामध्ये चहाचं आधण ठेवतोय तोवर फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज येऊन पडलेला, "संपलं का रे तुमचं स्वातंत्र्य?" आणि खाली हेडलाइनचा स्क्रीनशॉट. ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे स्कॉटलंड ब्रिटनपासून स्वतंत्र व्हावा म्हणणारी एसएनपी, ४८ खासदारांवरून थेट ९ वर. काकांना उत्तर टाइप करायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू, कारण ही बातमी इथे दर निवडणुकीला येते, कधी "स्वातंत्र्य संपलं" तर कधी "स्वातंत्र्य दारात", आणि दोन्ही वेळा अर्धीच असते.

तर सगळ्यात आधी बघायचं की निवडणूक कुठली. हे फार महत्त्वाचं आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच घसरतात. स्कॉटलंडमध्ये दोन वेगळ्या संसदांसाठी मतदान होतं, एक लंडनची वेस्टमिन्स्टर, सगळ्या ब्रिटनची, आणि दुसरी एडिनबरामधली होलीरूड, फक्त स्कॉटलंडची. लोक दोन्हीकडे एकसारखं मत देतील हे डोक्यातून काढून टाका. मे २०१० मध्ये वेस्टमिन्स्टरला एसएनपीचे फक्त ६ खासदार आले होते, फक्त सहा, आणि बरोबर एका वर्षाने होलीरूडला १२९ पैकी ६९ जागा घेऊन त्यांनी एकट्याने बहुमत आणलं, आणि त्याच बहुमतातून पुढे २०१४ चं स्वातंत्र्याचं सार्वमत झालं. आपल्याला हे कळायला अवघड नाहीये, २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा, आणि सहा महिन्यांत विधानसभेला महायुती २८८ पैकी २३०. लोकसभेच्या निकालावर कुणी विधानसभेची पैज लावली असती तर काय झालं असतं ते तुम्हाला माहितीये.

मग जागा बाजूला ठेवून मतांची टक्केवारी शोधायची. हेडलाइनमध्ये ती नसते, बातमीच्या खाली कुठेतरी असते. वेस्टमिन्स्टरला आपल्यासारखीच पद्धत, ज्याला जास्त मतं तो निवडून, बाकीच्यांची मतं वाऱ्यावर. २०१५ ला एसएनपीला ५० टक्के मतं होती आणि जागा मिळाल्या स्कॉटलंडमधल्या ५९ पैकी ५६, म्हणजे तेव्हा सूज होती. २०२४ ला मतं ३० टक्के आणि जागा ५७ पैकी ९, लेबरला, म्हणजे मजूर पक्षाला, ३५ टक्क्यांवर ३७ जागा. पाच टक्क्यांचा फरक आणि चौपट जागा! त्यामुळे "भुईसपाट" हा शब्द जागांसाठी ठीक आहे, मतांसाठी नाही. पण सारवासारवही करायची नाही हं, २०१९ च्या ४५ टक्क्यांवरून ३० वर येणं ही मोठीच घसरण आहे, एसएनपीवाले कितीही "पद्धतीचा दोष" म्हणाले तरी २०१५ ला हीच पद्धत त्यांना गोड लागत होती.

आता त्याहून मजेशीर भाग. पक्षाने निवडणुकीआधी स्वतःच काय बोलून ठेवलं होतं ते तपासायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅबरडीनच्या अधिवेशनात एसएनपीने ठरवलं की स्कॉटलंडच्या ५७ पैकी बहुसंख्य जागा आल्या, म्हणजे २९, तर तो स्वातंत्र्याच्या वाटाघाटी सुरू करायचा कौल समजायचा. जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत स्वातंत्र्य टाकलं. आणि आल्या नऊ. म्हणजे विरोधकांनी काही करायची गरजच नव्हती, मोजपट्टी यांचीच आणि नापासही हेच. माझ्या मते हा पायावर धोंडा मारून घेण्याचाच प्रकार होता, कारण साध्या निवडणुकीला माणूस शंभर कारणांनी मत देतो.

आणि ती शंभर कारणं कोणती होती हे शोधणं हे पुढचं काम. २००७ पासून एडिनबरामध्ये एसएनपीचंच सरकार, सतरा वर्षांचा कंटाळा कमी नसतो. स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे मुख्यमंत्रीच म्हणा, निकोला स्टर्जनने फेब्रुवारी २०२३ मध्ये पद सोडणार असं जाहीर केलं, मग हमजा युसफ आले, वर्षभरात गेले, मग मे २०२४ मध्ये जॉन स्विनी, आणि दोन महिन्यांत निवडणूक, त्यात पक्षाच्या पैशांची पोलीस चौकशी सुरूच. शिवाय दवाखान्यांच्या वेटिंग लिस्ट. शिवाय बोटी! अरन बेटासाठीची ग्लेन सॅनॉक्स नावाची फेरी २०१८ ला यायची होती, ती प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. बेटावरच्या माणसाला स्वतंत्र देश नंतर, आधी बोट पाहिजे. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे लोकांना लंडनमधून टोरी, म्हणजे हुजूर पक्षाचं, सरकार घालवायचं होतं आणि ते लेबरच घालवू शकत होतं, त्यामुळे स्वातंत्र्याला "येस" म्हणणारे कितीतरी लोक त्या दिवशी लेबरला मत देऊन आले आणि बरेचसे घरीच बसले, स्कॉटलंडमध्ये मतदान जेमतेम ५९ टक्के झालं. सार्वमताला ते ८४.६ टक्के होतं.

म्हणून पक्षाचा आकडा आणि मागणीचा आकडा दोन वेगळ्या वह्यांत लिहायचे. १८ सप्टेंबर २०१४ ला "येस"ला ४४.७ टक्के आणि "नो"ला ५५.३ टक्के मिळाले, त्यानंतर सर्व्हेंमध्ये "येस" साधारण ४५ ते ५० च्या पट्ट्यातच फिरत राहिलंय, २०२४ मध्ये पक्ष आपटला तेव्हाही. उलट २०१४ ला मागणी हरली आणि आठ महिन्यांत पक्ष ५६ जागा घेऊन आला, सदस्य पंचवीस हजारांवरून लाखावर गेले. मात्र सर्व्हे वाचताना "माहीत नाही" म्हणणारे वगळलेत का ते बघा, बहुतेक वेळा वगळलेले असतात आणि त्याने दोन्ही बाजू फुगतात. आणि "स्वातंत्र्य हवं का" आणि "सार्वमत आत्ता लगेच हवं का" हे दोन प्रश्न आहेत, दुसऱ्याला पाठिंबा कमी असतो.

हा नियम जगात सगळीकडे चालतो असं मात्र धरू नका. कॅनडातल्या क्युबेकमध्ये १९९५ ला "हो"ला ४९.४ टक्के पडले, केसभर अंतरावर राहिलं, आणि २०२२ पर्यंत पार्टी क्युबेक्वा १२५ पैकी ३ जागांवर आला. तिथे पक्षाबरोबर मागणीही ओसरली. स्कॉटलंडमध्ये तसं झालेलं नाही, निदान अजून तरी.

आता किल्ली. एसएनपी उद्या सगळ्या जागा जिंकली तरी सार्वमत आपोआप होत नाही, ही गोष्ट "स्वातंत्र्य दारात"वाल्या बातम्यांमध्ये नेमकी गायब असते. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यात स्कॉटलंड आणि इंग्लंडची जोडणी हा विषय लंडनकडे राखून ठेवलाय, आपल्या केंद्र सूचीसारखं समजा. २०१४ चं सार्वमत झालं कारण तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये एडिनबरा करार केला आणि त्या कायद्याच्या कलम ३० खाली अधिकार तात्पुरता इकडे आला. पुढे दुसऱ्या सार्वमताला पंतप्रधान थेरेसा मे यांनी नाही म्हटलं, त्यांच्यानंतरचे बोरिस जॉन्सन यांनीही नाही म्हटलं, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २३ नोव्हेंबर २०२२ ला पाचही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय होलीरूडला असा कायदा करता येणार नाही. ब्रेक्झिटला स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी "राहूया" म्हटलं तरी बाहेर पडावं लागलं, ती चीड इथे खरी आहे, पण चिडीने कलम बदलत नाही. तेव्हा बातमीत "कलम ३०" शोधा. नसेल तर ती भावनांची बातमी आहे.

जुन्या पराभवांचा हिशोबही जवळ ठेवा, फार कामाला येतो. ऑक्टोबर १९७४ ला एसएनपीचे ११ खासदार होते आणि मतं ३० टक्के, म्हणजे २०२४ इतकीच. मार्च १९७९ मध्ये स्कॉटिश विधानसभेवर मतदान झालं, ५१.६ टक्के बाजूने, पण एकूण मतदारांच्या ४० टक्के हवेत अशी अट होती म्हणून जिंकूनही हरले. चिडून एसएनपीने सरकारविरुद्ध मत दिलं, लेबर सरकार एका मताने पडलं, थॅचरबाई आल्या आणि एसएनपी २ खासदारांवर. तेव्हाही संपलं म्हणाले होते. १९९७ ला पुन्हा विचारलं तेव्हा ७४ टक्के लोकांनी संसद मागितली आणि १९९९ ला ती मिळाली, वीस वर्षांनी. कालमान असं आहे, चॅनेलवाल्यांना परवडणारं नाही.

होलीरूडचा निकाल आला की ६५ हा आकडा बघायचा, तिथे तेच बहुमत. २०२१ ला एसएनपी ६४ वर अडकली, पण ग्रीन पार्टीही स्वातंत्र्यवादी आहे आणि त्यांचे ८ होते, म्हणजे दोघांचे मिळून ७२. दोन्ही पक्ष एकत्र मोजल्याशिवाय मत बनवू नका. तिथे मतपत्रिका दोन असतात, एक मतदारसंघाची आणि एक विभागाच्या यादीची, आणि मतदारसंघ भरपूर जिंकणाऱ्याला यादीतून कमी मिळतं. २०२१ मध्ये एसएनपीचे ६२ मतदारसंघातून आणि यादीतून दोनच.

आणि इकडे नवीन आलेल्या मराठी मंडळींसाठी, कारण हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. भारतीय पासपोर्ट असला तरी कायदेशीर राहत असाल तर कॉमनवेल्थ नागरिक म्हणून दोन्ही निवडणुकांना मत देता येतं, फक्त नाव नोंदवावं लागतं. होलीरूडला वय १६ पुरे, वेस्टमिन्स्टरला सध्याच्या नियमाने १८. वेस्टमिन्स्टरला जाताना फोटो असलेलं ओळखपत्र न्या, नाहीतर परत पाठवतात, होलीरूडला ते लागत नाही. काकांना मी शेवटी एवढंच लिहिलं की संपलेलं नाही आणि जवळही आलेलं नाही, त्यावर त्यांचा अंगठा आला आणि लगेच खाली कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.