पंप भरण्याआधी फावडे उचला : झडीच्या दिवसांतील मूळकूज, केवडा आणि उशिराचा करपा

सलग ढगाळ हवा आणि झड लागण्याची चिन्हे असतील, तर फवारणीचा पंप भरण्याआधी शेताच्या सखल कडेचे चर मोकळे करावेत. आजवर पाहिलेल्या नुकसानीत, मग ती रात्रीत कोलमडलेली रोपवाटिका असो, सडलेले आले असो की डिंक्याने (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाने) वाळलेली संत्र्याची झाडे, मला एक गोष्ट सारखी आढळली आहे : पाऊस उघडल्यानंतरही पाणी वाफ्यात किंवा खोडाशी उभे होते आणि ते काढून देण्यासाठी कोणी शेतात गेले नव्हते. औषध मात्र प्रत्येकाने आणले होते.

या रोगांना आपण सरसकट ‘बुरशी’ म्हणतो आणि फसगत तेथूनच सुरू होते. मूळकूज घडवणारा पिथियम, करप्याचा फायटोफ्थोरा आणि केवड्याचे (पानांवर पिवळट डाग पाडणाऱ्या रोगाचे) जीव धाग्यांसारखे वाढत असले, तरी ते खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. प्रोटिस्ट म्हणजे प्राणी, वनस्पती किंवा बुरशी यांपैकी कशातच न बसणारे, बहुतांशी सूक्ष्म जीव. त्यांच्या ज्या शाखेत समुद्रातील तपकिरी शेवाळ आणि डायटम येतात, त्याच शाखेतील हे जीव आहेत. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तर यांच्या भित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतात. त्यांचे चलबीजाणू (पोहणारे बीजाणू) दोन कशाभिकांच्या, म्हणजे शेपटीसारख्या धाग्यांच्या, साहाय्याने पाण्यात पोहतात, मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांच्या दिशेने जातात आणि मुळाला चिकटताच कशाभिका टाकून आत शिरतात. स्वतःच्या बळावर त्यांना फार तर काही सेंटिमीटर जाता येते. त्यापुढचा सारा प्रवास आपण वाहू दिलेले किंवा साचू दिलेले पाणी घडवून आणते.

म्हणूनच विक्रेत्याने पुढे केलेली बाटली घेण्यापूर्वी तिच्यावरील घटकाचे नाव वाचावे. कार्बेन्डाझिम हे नेहमीचे बुरशीनाशक या जीवांवर चालत नाही. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल यांसारखी औषधे बुरशीची अर्गोस्टेरॉल (तिच्या पेशीपटलाला लागणारे द्रव्य) तयार करण्याची प्रक्रिया रोखतात. हे जीव ते स्वतः तयारच करत नसल्यामुळे तेथे ही औषधे निरुपयोगी ठरतात. मूळकुजीवर कार्बेन्डाझिमच्या तीन आळवण्या (मुळाशी औषधाचे पाणी ओतणे) केलेला एक भाजीचा प्लॉट मी पाहिला आहे. प्रत्येक आळवणीने आधीच चिंब असलेल्या मातीत आणखी पाणी गेले आणि रोग पुढच्या ओळीत सरकला. ‘टॉनिक’, ‘रूट बूस्टर’ अशा नावांच्या महागड्या डब्यांविषयी यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही.

निदान शेतातच करता येते. मलूल झालेले रोप अलगद उपटून मुळाची साल दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढावी. साल मोज्यासारखी निघून आली आणि आत पांढरा दोरा तेवढा शिल्लक राहिला, तर पिथियमचा संशय घट्ट धरावा. खोड कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरल्यावर दुधाळ धार खाली उतरू लागली, तर ती जिवाणूजन्य मर आहे आणि तिचा उपाय वेगळा आहे. पानावर पिवळट डाग दिसत असतील, तर ते पान ओलसर कागदासह पिशवीत बंद करून रात्रभर ठेवावे. सकाळी डागाच्या मागील बाजूस लव आलेली दिसल्यास तो केवडा किंवा उशिराचा करपा समजावा. भुरी प्रामुख्याने पानाच्या वरच्या बाजूस पिठासारखी पसरते, ती खरी बुरशी आहे आणि तिच्यावर गंधक चालते. केवड्यावर गंधक मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

बटाटा आणि टोमॅटोवरील उशिराच्या करप्याबाबत दिरंगाई परवडत नाही. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स या एकाच जीवाने १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक वर्षानुवर्षे नासवले आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये मांडलेला एक नियम आजही हाताशी ठेवण्याजोगा आहे : सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक राहिले आणि दोन्ही दिवशी किमान ११ तास सापेक्ष आर्द्रता ९० टक्के किंवा त्याहून अधिक असली, तर करप्याचा धोका धरावा. माझा स्वतःचा ठोकताळा याहून साधा आहे. सकाळी पिकातून चालताना विजार गुडघ्यापर्यंत भिजत असेल आणि दहा वाजले तरी खालची पाने वाळत नसतील, तर मी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही.

फवारणी रोग दिसण्याआधीच करावी. मॅन्कोझेब ७५ टक्के २.५ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के २.५ ते ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात घ्यावे. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागते. मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये आणि त्याच दिवशी संपवावे. त्यात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहावी, पात्यावर तांबूस थर चढल्यास चुना वाढवावा. १८८५ मध्ये मिलार्डे यांनी फ्रान्समध्ये द्राक्षावरील केवड्यासाठी पुढे आणलेले हे मिश्रण आजही अनेक महाग औषधांपेक्षा भरवशाचे वाटते. तथापि तांबे जमिनीत साचत जाते, म्हणून ते ऊठसूट मारू नये. मेटालॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे संयुक्त औषध २.५ ग्रॅम प्रति लिटर प्रमाणात हंगामात दोनदाच वापरावे. एकट्या मेटालॅक्झिलवर विसंबल्यामुळे १९८० मध्येच आयर्लंड आणि नेदरलँड्समधील करप्यात त्याला दाद न देणारे जीवाचे प्रकार उभे राहिले. पिकासाठीची शिफारस आणि काढणीपूर्व कालावधी लेबलवर पाहूनच औषध घ्यावे.

नेहमीची कामे :
– गादीवाफे १५ सेंमी उंच, बी विरळ
– रोगट रोपे मातीसह बाहेर
– खोडाशी आळे नको, खोडाभोवती कोरडी जागा सोडून दुहेरी आळे करावे
– नत्राचा हप्ता वाफसा (माती ओलसर पण मोकळी) आल्यावर
– सिंचन सकाळी, संध्याकाळी नाही
– रोगट प्लॉटमधील अवजारे धुऊन दुसरीकडे

सगळेच प्रोटिस्ट शत्रू नाहीत, हेही लक्षात असावे. मातीतील अमीबा आणि त्यांचे भाईबंद जिवाणू खातात आणि त्यांच्या गरजेपेक्षा जास्तीचे नत्र अमोनियाच्या रूपात मुळांजवळ सोडतात. जमीन वाफशावर असेल, तेव्हा हे काम चांगले चालते असा माझा समज आहे. पाणी तुंबून हवा संपली की मुळे गुदमरतात आणि पिथियमचे फावते. शिवाय ॲनोफेलिस डास उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत अशाच साचलेल्या पाण्यात तयार होतो आणि मलेरियाचा प्लास्मोडियम, तोही प्रोटिस्टच, माणसापर्यंत पोहोचवतो. बुजलेला चर अशा रीतीने पीक आणि घर दोन्हींवर आजारपण आणतो.

मोठा पाऊस थांबल्यावर शेताच्या सर्वांत सखल कोपऱ्यात फूटभर खोल खड्डा घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी दिसले, तर चर खड्ड्याच्या तळापेक्षा किमान वीतभर खोल करून शेताबाहेर काढावा आणि तो शेजाऱ्याच्या वाफ्यात न सोडता ओढ्याला जोडावा. आळवणीचे औषध तोपर्यंत डब्यातच राहू द्यावे.