प्लेऑफच्या शर्यतीत मॅनेजरच्या निर्णयावर वाद कसा घालावा

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. मे महिन्यात मॅनेजरने (संघाच्या मुख्य प्रशिक्षकाने) पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) एक इनिंग (दोन्ही संघांच्या फलंदाजीची एक पाळी; सामन्यात अशा नऊ) जास्त ठेवले काय किंवा लवकर काढले काय, दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या लक्षातही राहत नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र संघ प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) उंबरठ्यावर असताना तोच निर्णय आठवडाभर चघळला जातो, आणि ती चर्चा बहुतेक वेळा ‘हरलो, म्हणजे त्याचे चुकलेच’ या एका वाक्यापाशी येऊन थांबते. ती त्यापुढे न्यायची असेल तर काही गोष्टी आधीच हाताशी ठेवाव्या लागतात.

क्रिकेटवर वाढलेल्या प्रेक्षकाने सुरुवातीलाच एक फरक ध्यानात घ्यावा. क्रिकेटचा कर्णधार मैदानात उभा राहून गोलंदाज बदलतो आणि काढलेल्या गोलंदाजाला चार षटकांनी पुन्हा बोलावू शकतो. बेसबॉलमध्ये हे अधिकार डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या बाकावर) बसलेल्या मॅनेजरकडे असतात आणि एकदा सामन्याबाहेर काढलेला खेळाडू त्या दिवशी परत येत नाही. म्हणून पिचर बदलण्याचा प्रत्येक निर्णय हा एक दरवाजा कायमचा बंद करण्याचा निर्णय असतो, आणि वाद घालताना उघडलेल्या दरवाजाइतकेच बंद झालेल्या दरवाजाकडेही पाहावे लागते.

सर्वांत पहिले काम म्हणजे निर्णयाचा क्षण गोठवणे. कितवी इनिंग, धावसंख्या किती, किती बाद, बेसवर (धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यांवर) कोण, समोर कोणता बॅटर, त्याच्यामागून येणारे दोघे कोण, बुलपेनमध्ये (राखीव पिचरच्या सरावाच्या जागेत) कोण तयार होता आणि त्यापैकी काल-परवा कोणी किती चेंडू टाकले, एवढे नोंदवून मगच बोलावे. पुढे काय घडले हे या यादीत येत नाही, कारण मॅनेजरला ते ठाऊक नव्हते. यश मिळालेल्या निर्णयालाही हीच कसोटी लावावी. तिथेच बहुतेकांची शिस्त ढळते.

२८ सप्टेंबर २०११ ही हंगामाची अखेरची रात्र होती. टॅम्पा बे रेज न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध ०-७ असे मागे होते. आठव्या इनिंगमध्ये त्यांनी सहा धावा केल्या, आणि नवव्या इनिंगमध्ये दोघे बाद झाल्यावर, बेस रिकामे असताना, मॅनेजर जो मॅडन यांनी सॅम फुल्डच्या जागी डॅन जॉन्सनला पिंच हिटर (बदली फलंदाज) म्हणून पाठवले. त्या क्षणी जॉन्सनची हंगामातील सरासरी (हिटचे प्रमाण) केवळ ०.१०८ होती. दोन स्ट्राइक (तीन झाले की बॅटर बाद) पडल्यानंतर त्याने उजव्या कोपऱ्यात होम रन (षटकारासारखा सीमेपार फटका) मारून बरोबरी साधली, बाराव्या इनिंगमध्ये इव्हान लाँगोरियाच्या होम रनने रेज ८-७ असे जिंकले, आणि त्याच रात्री बाल्टिमोरमध्ये हरलेला बॉस्टन रेड सॉक्स संघ शर्यतीबाहेर पडला. मॅडन यांना जे अलौकिक अंतर्ज्ञान त्या रात्री बहाल केले गेले, त्याची खरे तर गरज नाही. फुल्डची सरासरी कितीतरी बरी, ०.२४० च्या आसपास होती. पण त्या संपूर्ण हंगामात त्याने केवळ तीन होम रन मारले होते, आणि त्या क्षणी एका फटक्यात धाव मिळवून देणारा माणूस हवा होता. जॉन्सनच्या अंगात तेवढा जोर होता. २००८ च्या सप्टेंबरमध्ये त्याने बॉस्टनच्या जोनाथन पॅपलबॉनविरुद्ध असाच पिंच हिटर म्हणून येऊन होम रन मारला होता. तो बाद झाला असता तरी निर्णयाचे समर्थन करता आले असते, आणि आपला युक्तिवाद खरा आहे की निकालाची सावली आहे, हे ओळखण्याची कसोटी हीच.

दुसरे काम अधिक अवघड आहे: पर्यायाचे नाव घेणे. ‘त्याला ठेवायला नको होते’ हे अर्धेच वाक्य झाले. ‘त्याच्याऐवजी अमुक यायला हवा होता’ असे म्हटल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. यासाठी १९६४ च्या फिलाडेल्फिया फिलीज संघाएवढे चांगले प्रकरण दुसरे नाही. २० सप्टेंबरअखेर फिलीजचे ९० विजय आणि ६० पराभव झाले होते, तर सेंट लुइस कार्डिनल्स आणि सिनसिनाटी रेड्स ८३-६६ वर होते. विजयांतील फरक सात, पराभवांतील सहा. दोहोंची बेरीज करून निम्मी केली की आघाडी निघते, म्हणजे साडेसहा सामने. बाकी होते फक्त बारा. तिथून फिलीज सलग दहा सामने हरले, आणि कार्डिनल्सने नॅशनल लीगचे (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचे) विजेतेपद एका सामन्याच्या फरकाने जिंकले.

या पडझडीचे खापर नेहमी मॅनेजर जीन मॉक यांच्यावर फोडले जाते, कारण त्यांनी जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या आपल्या दोन सर्वोत्तम पिचरना केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीवर पुन्हा पुन्हा उतरवले. त्या काळात तीन दिवसांची विश्रांती सर्रास चालत असे. दोन दिवसांची मात्र तेव्हाही घाईचीच समजली जाई. शॉर्टने २२, २५ आणि २८ सप्टेंबरला सुरुवात केली, तर बनिंगने २४, २७ आणि ३० सप्टेंबरला. सहाही सामने गेले. आरोप पक्का वाटतो. पण दहाही पराभव एकाच खात्यावर टाकले की तो सैल पडतो. २१ सप्टेंबरचा पहिला पराभव ०-१ असा होता: सहाव्या इनिंगमध्ये फ्रँक रॉबिन्सनसारखा बॅटर समोर असताना रेड्सचा चिको रुईझ तिसऱ्या बेसवरून थेट होम प्लेटकडे (धाव पूर्ण होते त्या जागेकडे) धावत सुटला आणि त्याने धाव चोरली. त्या दिवशी फिलीजच्या आर्ट महाफीने पिचिंग उत्तम केले होते; फलंदाजीला एकही धाव करता आली नाही. २२ आणि २४ तारखेच्या पराभवांतही शॉर्ट आणि बनिंग पुरेशा विश्रांतीनंतर उतरले होते. थोडक्या विश्रांतीचा आरोप नीट बसतो तो २५, २७, २८ आणि ३० या चार सामन्यांना. त्यांतही २७ तारखेला मिलवॉकी ब्रेव्ह्सविरुद्ध जॉनी कॅलिसनने तीन होम रन मारूनही फिलीज ८-१४ असे हरले. एवढ्या धावा दिल्या गेल्यावर दोष पिचिंगकडे जातो, आणि म्हणून हा सामना टीकाकारांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

आता पर्याय कोणते होते ते पाहू. डेनिस बेनेटचा खांदा दुखत होता, रे कल्पचे कोपर बिघडले होते आणि रिक वाइज जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. राहतो महाफी, जो २१ आणि २६ सप्टेंबरला खेळला आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत पुन्हा सुरुवातीला उतरला नाही. माझ्या मते मॉक यांच्यावरील खरा आक्षेप इथे येतो. सहा दिवसांत चार वेळा थकलेला हात वापरण्यापेक्षा, एखादा सामना वाइजच्या हाती सोपवून तो गमावण्याची तयारी ठेवली असती, तर बनिंग आणि शॉर्ट यांना प्रत्येकी एकेक दिवस जास्त मिळाला असता. साडेसहा सामन्यांची आघाडी असलेल्या संघाला एक पराभव परवडतो, आणि तो परवडतो हे मान्य न करणे हीच त्या आठवड्यातील चूक होती. यावर प्रतिवाद असा करता येईल की आघाडी दर दिवसागणिक वितळत असताना उमेदीचा सामना हातचा सोडण्याचे धाडस डगआउटमध्ये सुचत नाही. तो प्रतिवाद २८ तारखेला लागू पडतो, २५ तारखेला नाही.

इथूनच हंगामाच्या शेवटच्या महिन्याचा गाभ्याचा प्रश्न निघतो: आजचा सामना की उरलेले दिवस? २०११ मध्येच अटलांटा ब्रेव्ह्सने सप्टेंबरच्या सुरुवातीची साडेआठ सामन्यांची आघाडी घालवली आणि वाइल्ड कार्डची (विभाग न जिंकताही मिळणारी प्लेऑफची) जागा कार्डिनल्सला एका सामन्याने दिली. शेवटच्या रात्री फिलीजविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये ३-२ अशी आघाडी असताना क्लोजर (शेवटी आघाडी राखायला येणारा पिचर) क्रेग किम्ब्रेलला ती राखता आली नाही आणि तेराव्या इनिंगमध्ये सामना ३-४ असा गेला. मॅनेजर फ्रेडी गोंझालेझ यांनी त्या रात्री किम्ब्रेलला आणायला नको होते, असे म्हणणे हास्यास्पद आहे; त्याने त्या हंगामात ४६ सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) केले होते आणि त्याच्याहून चांगला माणूस बुलपेनमध्ये नव्हता. वाद घालायचा तर तो आधीच्या पाच महिन्यांवर घालावा. त्या हंगामात जॉनी व्हेंटर्स ८५ सामन्यांत, किम्ब्रेल ७९ आणि एरिक ओफ्लाहर्टी ७८ सामन्यांत उतरले होते. त्यांपैकी किती वेळा आघाडी तीन-चार धावांची होती आणि दुय्यम रिलीव्हरने (सामन्याच्या मध्यात येणाऱ्या बदली पिचरने) भागले असते, हे सामन्यागणिक तपासले तर वादाला वजन येते. दुसऱ्या पारड्यात हेही टाकावे की जेअर युरियेन्स आणि टॉमी हॅन्सन हे दोन स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) जायबंदी होते आणि सप्टेंबरमध्ये संघाची फलंदाजी आटली होती. अरुंद आघाडीचे सामने रोज आले की चांगले रिलीव्हर रोज लागतात.

आकडे जरूर वापरावेत, पण प्रश्नाला लागू पडणारे. बंटचे (स्वतः बाद होऊनही धावपटूला पुढे सरकवण्यासाठी चेंडू हळूच ढकलण्याचे) उदाहरण घ्या. पहिल्या बेसवर धावपटू आणि एकही बाद नसताना त्या इनिंगमध्ये पुढे सरासरी ०.८५ ते ०.९ धावा होतात. यशस्वी बंटनंतर, म्हणजे दुसऱ्या बेसवर धावपटू आणि एक बाद असताना, ही सरासरी ०.६५ ते ०.७ वर येते. म्हणून चौथ्या इनिंगमधील बंट सहसा तोट्याचा. परंतु बरोबरीच्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये यजमान संघाला एकच धाव पुरते, आणि ‘किमान एक धाव’ होण्याच्या शक्यतेत या दोन स्थितींमधला फरक फारच थोडा असतो; बॅटर दुबळा असेल तर तो पुसलाही जातो. सरासरी धावांचा तक्ता पुढे करून नवव्या इनिंगमधील बंटला मूर्खपणा ठरवणारा माणूस बरोबर आकडा चुकीच्या प्रश्नाला लावत असतो.

पिचर कधी काढावा, याबाबतही तेच. एकच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर त्याला अधिक चांगले खेळतात, हे आता सर्वमान्य आहे. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या सामन्यात रेजचे मॅनेजर केव्हिन कॅश यांनी याच तत्त्वावर ब्लेक स्नेलला ७३ चेंडूंनंतर, १-० अशी आघाडी असताना काढले. लॉस एंजेलिस डॉजर्सचे पहिले तीन बॅटर त्या रात्री त्याच्याविरुद्ध सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइक आउट झाले होते. टीका बहुतेक स्नेलला काढण्यावर झाली. मला अधिक खटकणारी बाजू दुसरी आहे: त्याच्याऐवजी आलेल्या निक अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. तत्त्व सरासरी स्टार्टर आणि ताजा, चांगला रिलीव्हर यांची तुलना करते. त्या रात्री तुलना स्नेल आणि दमलेला अँडरसन यांच्यात होती.

नियम आणि वेळापत्रक यांची तारीख पाहून बोलावे, एवढे इथे पुरे. २०१९ पर्यंत सप्टेंबरमध्ये संघात चाळीसपर्यंत खेळाडू ठेवता येत. आता २८ च येतात, आणि रिलीव्हरला सहसा किमान तीन बॅटरना सामोरे जावेच लागते. २०२२ पासून बरोबरी सोडवण्यासाठी जादा सामना होत नाही, परस्परांतील सामने मोजले जातात. त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्स आणि ब्रेव्ह्स दोघेही १०१-६१ वर थांबले आणि विभागाचे विजेतेपद ब्रेव्ह्सना मिळाले, कारण हंगामअखेर अटलांटात त्यांनी मेट्सना सलग तीन सामने हरवले होते.

निर्णय नेमका कोणाचा होता, हेही विचारावे. २०१२ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने स्टीव्हन स्ट्रासबर्गला १५९ पूर्णांक एक तृतीयांश इनिंगनंतर सप्टेंबरमध्येच थांबवले, तेव्हा तो निर्णय जनरल मॅनेजर (संघबांधणी पाहणारे अधिकारी) माइक रिझो यांचा होता; मॅनेजर डेव्ही जॉन्सन यांना त्यासाठी धारेवर धरण्यात अर्थ नव्हता.

शेवटी, एक निर्णय आणि एक सवय यांतला भेद. मॉक यांनी मेजर लीगमध्ये २६ हंगाम मॅनेजर म्हणून काढले आणि ते वर्ल्ड सिरीजपर्यंत कधीच पोहोचले नाहीत. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया एंजल्सकडे असताना पाच सामन्यांच्या मालिकेत २-० अशी आघाडी असूनही त्यांनी टॉमी जॉन आणि ब्रूस किसन यांना तीनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरवले आणि मालिका गमावली. १९६४ शेजारी ठेवले की ही सवय दिसते, आणि तिच्यावर बोलणे रास्त आहे. पण १९८६ मध्ये बॉस्टनविरुद्ध, वर्ल्ड सिरीज एका बादावर आली असताना, त्यांनी माइक विटला काढून डावखुऱ्या गॅरी लुकसला आणले, कारण समोर डावखुरा रिच गेडमन होता आणि त्याने विटविरुद्ध त्या दिवशी तिन्ही वेळा हिट मारला होता. लुकसचा पहिलाच चेंडू गेडमनला लागला, त्यानंतर आलेल्या डॉनी मूरला डेव्ह हेंडरसनने होम रन मारला आणि एंजल्सच्या हातचा सामना गेला. १९८२ चा पुरावा मॉक यांच्याविरुद्ध वापरणाऱ्याने १९८६ चा त्याच पोत्यात भरू नये. तिथे त्यांनी नेमके उलटे केले होते, आणि ते बरोबर होते.