नळाला पाणी पाचव्या दिवशी: साठवण, शुद्धीकरण आणि वापराचा हिशेब

मोठी टाकी बसवली की पाण्याचा प्रश्न मिटला, असं समजून बहुतेक घरं पहिला खर्च टाकीवर करतात. नळाला तेवढं पाणी येतच नसेल तर ती टाकी कायम अर्धी राहते. म्हणून आधी बादली आणि घड्याळ घ्या.

१. एका पाळीला किती मिळतं ते मोजा

पाणी सुटल्यावर दाब जरा स्थिर होऊ द्या आणि २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. ६० सेकंद लागले तर मिनिटाला २० लिटर. पाणी ७० मिनिटं राहत असेल तर पाळीला १४०० लिटर. तीच बादली भरायला दोन मिनिटं लागत असतील तर हातात ७०० लिटरच पडतात.

आता गरज काढा. सांडपाणी व्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा नियोजनाचा आकडा आहे, पण पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या घरात तो चालत नाही. काटकसरीने ६५ लिटरमध्ये भागतं: पिणं-स्वयंपाक ७, आंघोळ १८, संडास १८, भांडी १०, कपडे-लादी १२. चार माणसांचे रोजचे २६० लिटर, पाच दिवसांचे १३००.

साठवण मात्र सात दिवसांची हवी, म्हणजे साधारण १८०० लिटर. सोलापूरला उजनीहून, छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीहून पाणी उपसून आणावं लागतं. वाटेत वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की पाळी एक-दोन दिवस पुढे ढकलली जाते. खाली १५०० लिटरचा हौद आणि गच्चीवर ५०० लिटरची टाकी एवढ्यात हे बसतं. गच्चीवर हजार लिटर म्हणजे एक टन वजन. टाकी स्लॅबच्या मधोमध न ठेवता बीम-कॉलमवर आणि सपाट ओट्यावर बसवा. टाकीचा तळ अधांतरी राहिला तर प्लास्टिक तिथेच तडकतं.

२. पाणी हौदात नीट उतरवा

कमी दाबाचं पाणी वर चढत नाही, खाली मात्र उतरतं. म्हणून हौद जमिनीखाली आणि नळाची तोटी शक्य तितकी खाली. पण तोटीसाठी खड्डा केला असेल तर तो कोरडा ठेवा. पुरवठा थांबला की रिकाम्या होणाऱ्या पाइपात हवा ओढली जाते आणि गळक्या सांध्यातून खड्ड्यातलं, गटाराशेजारचं घाण पाणीही आत शिरतं. पुढच्या पाळीला सुरुवातीला गढूळ, वास मारणारं पाणी येतं त्याचं हे एक मोठं कारण.

नळाची रबरी नळी हौदाच्या तळापर्यंत सोडायची सवय फार वाईट. पाणी बंद झालं की त्याच नळीतून तुमचं साठवलेलं पाणी उलटं लाइनमध्ये खेचलं जातं. नळीचं तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वर राहू द्या आणि जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) बसवा. बॉलकॉक (हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) कमी दाबासाठीचा, मोठ्या भोकाचा घ्या; बारीक भोकाचा बॉलकॉक प्रवाह निम्म्यावर आणू शकतो आणि दोष मात्र पालिकेला दिला जातो.

नळाला थेट मोटार लावू नका. ती जप्त होते हा भाग वेगळा, पण ओढलेल्या लाइनमध्ये घाणही ओढली जाते, ती पहिल्यांदा मोटार लावणाऱ्याच्याच घरात. मोटार हौदातून गच्चीवर चढवण्यापुरती. साध्या दोन मजली घराला अर्धा हॉर्सपॉवर पुरतो. हौद आटल्यावर मोटार कोरडी फिरली की आतलं सील जळतं, त्यामुळे फूट व्हॉल्व्ह (हौदात सोडलेल्या पाइपाच्या टोकाची झडप) उघडा पडण्याआधी ती बंद करणारा फ्लोट स्विच लावून घ्या.

३. पिण्याचं वेगळं भरा

पाणी सुटल्यावर पहिल्या पाच-सात बादल्या संडास आणि झाडांसाठी बाजूला काढा. पाणी नितळ दिसू लागलं की मग पिण्याचा ड्रम: चार माणसांना सात दिवसांसाठी २०० लिटर. ड्रम खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलाच हवा. केमिकल कारखान्यातून निघालेले निळे ड्रम स्वस्त मिळतात, ते कितीही धुतले तरी पिण्याला नकोत. खाली तोटी असेल तर उत्तम. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे कुणाचा हात पाण्यात बुडत नाही.

गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं. आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढा.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. नितळ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम लागते. टँकरचं किंवा शंकास्पद पाणी असेल तर पाच. २०० लिटरला अर्धा ग्रॅम घरी मोजणार कसा? ५ ग्रॅम पावडर थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, एक लिटर पाण्यात मिसळा, दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो, तो टाकून द्या. वरच्या निवळीतले १०० मिलिलिटर २०० लिटरच्या ड्रमला, १० मिलिलिटर २० लिटरच्या हंड्याला. ढवळा आणि अर्धा तास थांबा. नंतर क्लोरीनचा किंचित वास यायला हवा; अजिबात येत नसेल तर पावडर जुनी आहे किंवा पाणी घाण. पावडर दमट हवेत लवकर कमजोर होते, घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवा. निवळी त्याच दिवशी संपवा. टीसीएल आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी क्लोरीन उरलेलं नसतं. तेव्हा पिण्याचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळा.

४. शिळं पाणी ओतू नका, पण भांडं घासा

ताजं आलं की शिळं ओतायची पद्धत कित्येक घरांत आहे. झाकलेलं पाणी पाच दिवसांत नासत नाही; ते कपड्यांना, लादीला वापरा. घासायचं ते भांडं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती पाण्याच्या काठाशी भिंतीला चिकटतात. भांडं कोरडं पडलं तरी महिनोन्महिने तग धरतात. नुसतं विसळून ती निघत नाहीत. आरोग्य खातं आठवड्याला ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं तो त्यासाठीच. पाणी सुटायच्या आदल्या संध्याकाळी ड्रम रिकामा करून काथ्याने घासा, पालथा घाला. ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी किंवा कापड बांधा. रिकामा करता न येणाऱ्या, वापराच्या उघड्या हौदात गप्पी मासे सोडा.

हौद धुवायला उतरणाऱ्याला एकटं सोडू नका. झाकण तासभर आधी उघडा, वर एक माणूस थांबवा. बंद हौदात प्राणवायू कमी पडून माणसं गेली आहेत.

५. गळती आणि टँकर

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला २० लिटरच्या आसपास, एका माणसाची आंघोळ. फ्लशची टाकी गळते का ते बघायला तिच्यात रात्री खायचा रंग टाका. सकाळपर्यंत न वापरता भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर बदला. आरओचं टाकाऊ पाणी संडासाला वापरा. क्षार जास्त असतात, कुंड्यांना नको.

टँकर आलाच तर हौदात काठी बुडवून आधीची आणि नंतरची पातळी मोजा. हौदाचा तळ २ मीटर बाय १ मीटर असेल तर दर १० सेंटिमीटरला २०० लिटर. ५००० लिटर सांगून पातळी २ मीटरच चढली, तर उतरले आहेत ४०००. आणि पैसे द्यायच्या आधी मोजा.