हलगी शेकायला शेकोटी नसते: नवा अल्बम घेऊन परदेश दौऱ्यावर निघताना

मी संबळ वाजवतो. आमचा गोंधळ-जागराचा संच नऊ जणांचा: दोन गायक, एक झीलकरी (मागून सूर धरणारा), संबळ, हलगी, तुणतुणं, ढोलकी, पेटी म्हणजे हार्मोनियम आणि एक साउंडवाला. नव्या अल्बमची गाणी घेऊन आम्ही लंडनपासून कॅलिफोर्नियापर्यंत एक फेरी मारून आलो. संचात बारावीच्या पुढे गेलेला मी एकटा, म्हणून सगळे कागद माझ्या गळ्यात पडले. परत आल्यापासून तीन-चार कलावंत पार्ट्यांनी फोन करून ‘परदेश दौरा कसा जमवायचा’ हेच विचारलं, तेव्हा म्हटलं एकदाच लिहून टाकू.

पहिली गोष्ट, अल्बमची तारीख आधी जाहीर करू नका. आधी एक मोठी सुपारी पक्की करा, जिच्यातून निदान विमानाची तिकिटं निघतील, आणि बाकी दौरा त्या खुंट्याला बांधा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दोन वर्षांतून एकदा असतं. जर्मनीत रुडोल्स्टाटचा लोकसंगीत महोत्सव जुलैच्या सुरुवातीला भरतो. असले महोत्सव आपला कार्यक्रम बरेच महिने आधी ठरवतात, त्यामुळे यंदा गाणी तयार झाली तर बोलणी पुढच्या वर्षाची करायची. अल्बम पहिल्या कार्यक्रमाच्या साधारण पंधरा दिवस आधी बाहेर काढा. तेवढ्या वेळात तिकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गाणी फिरून होतात आणि लोक ओळी म्हणत येतात.

मंडळांचे कार्यक्रम शनिवार-रविवारी होतात, हे नकाशा मांडतानाच लक्षात घ्या. पाच आठवड्यांचा दौरा म्हणजे जास्तीत जास्त दहा कार्यक्रम. मंगळवारी सुपारी नसते, पण पोटं नऊच असतात. आम्ही मधल्या दिवसांत शाळा आणि विद्यापीठांत तासा-दीड तासाच्या कार्यशाळा धरल्या. बिदागी थोडी होती, पण राहण्याखाण्याचं सुटलं.

आता व्हिसा. खरी गोम व्हिसाच्या नियमात नाही, पासपोर्ट एकच आहे यात आहे. तो एका वकिलातीत अडकला की दुसरीकडे अर्ज करता येत नाही. म्हणून क्रम लावा. अमेरिकेला पी-थ्री व्हिसा लागतो, तो खास सांस्कृतिक परंपरेतल्या कलावंतांसाठी असतो. पर्यटक व्हिसावर जाऊन पैसे घेऊन वाजवायच्या भानगडीत पडू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. याचा मूळ अर्ज आपण करत नाही, तिकडचा आयोजक करतो, आणि तो वर्षभर आधीही करता येतो. सोबत तिकडच्या कलाकार संघटनेचं मत, जाणकारांची पत्रं, कार्यक्रमांचं वेळापत्रक आणि तुमच्या कलेचा पुरावा लागतो. आमचा पुरावा म्हणजे जिल्हा पुरवणीतली कात्रणं, सगळी मराठी. त्यांचं इंग्रजी भाषांतर करून खाली भाषांतरकाराने ‘अचूक आहे’ अशी सही करायची असते. आमच्या गावातल्या कॉलेजच्या इंग्रजीच्या बाईंनी ते करून दिलं. ‘जागर’ला काय म्हणायचं यावर त्यांनी दोन संध्याकाळी घालवल्या. साउंडवाल्याचा अर्ज वेगळा असतो, कारण तो कलाकार नव्हे, साहाय्यक.

अमेरिकेचा शिक्का आला की ब्रिटन. तिथे प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज उघडतो. ठरावीक मोठे महोत्सव सरकारी यादीत असतात, त्यांच्यासाठी नियम सोपे आहेत. बाकी ठिकाणी सहसा परवाना असलेला प्रायोजक शोधावा लागतो. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, सगळ्यात शेवटी: सहा महिन्यांच्या आत पण पंधरा दिवसांच्या आधी, आणि ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा नसेल तर फाइल पुढे सरकत नाही.

नावं आधीच तपासा. आमच्या तुणतुणेवाल्या काकांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी होती. अशा वेळी अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (म्हणजे नाव माहीत नाही) अशी तीन अक्षरं येतात आणि तिकिटाशी मेळ घालताना घाम फुटतो. पासपोर्ट दुरुस्त करण्यात आमचा दीड महिना गेला.

वाद्यांसाठी कार्ने काढा. एटीए कार्ने म्हणजे वाद्यांचा पासपोर्टच. तो भारतात फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. तो असला की प्रत्येक देशात जकात भरावी लागत नाही. आत पिवळी पानं आपल्या कस्टम्ससाठी, पांढरी परदेशी कस्टम्ससाठी. अख्ख्या युरोपीय संघाला पानांची एक जोडी पुरते, पण ब्रिटन वेगळं, स्वित्झर्लंड वेगळं, नॉर्वे वेगळं. यादी एकदा मंजूर झाली की तिच्यात नवी वस्तू घालता येत नाही.

मी यादीत लिहिलं: ‘संबळ, नग १’. आपल्या डोक्यात संबळ एकच असतं ना. एका विमानतळावर अधिकाऱ्याने संबळाचा खोका उघडला, आत दोन भांडी, एक लहान एक मोठं, दोन्हीला कातडं. त्याने कागदावर बोट ठेवलं, मग एकेका भांड्यावर: वन, टू. मी दोन्ही कमरेला बांधून, काठ्या हातात घेऊन तिथेच चार मात्रा वाजवून दाखवल्या, तेव्हा ते एक वाद्य आहे हे त्याला पटलं. तुम्ही सरळ ‘जोडी, दोन नग’ लिहा. सोबत फोटो लावा. हलगीला कंपनीचा नंबर नसतो, म्हणून कड्याच्या आतल्या बाजूला रंगाने नंबर घाला आणि तोच यादीत लिहा. विकायच्या सीडी आणि टी-शर्ट कार्नेत बसत नाहीत. ते तिकडेच छापून घ्या.

आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसलो ते: कातडं. ओल्या हवेत ते सैल पडतं, कोरड्या हवेत ताणतं. गावाकडे हलगी ढिली वाटली की पाचट पेटवून शेकली, झालं. लंडनला पावसाळी संध्याकाळी आमच्या हलगीतून ‘धप्’ असा आवाज यायला लागला. शेकायला जागा नाही, काडी ओढली तर अख्ख्या सभागृहाची घंटा वाजणार. संचातल्या एका पोरानं केस वाळवायचं यंत्र काढलं. हलगीचं पान, म्हणजे कातडं, वर धरून, वीतभर अंतरावरून, कडेकडेने गोल फिरवत पाच मिनिटं. मध्ये गरम हवा मारायची नाही, तिथे पान फाटतं. दर मिनिटाला बोटाने टिचकी मारून ऐकायचं. आवाज टणक झाला की थांबायचं, कारण तापलेलं पान पुढे आणखी चढतं. हीच युक्ती अमेरिकेत केली तर यंत्रातून नुसती फुंकर. आपलं यंत्र २३० व्होल्टचं, तिकडे १२०. व्होल्ट निम्मे झाले की उष्णता पाव होते. तिकडे पोचल्यावर तिकडचंच घ्या. ॲरिझोनात उलट झालं: रात्रीतून पान इतकं ताणलं की ओल्या फडक्यात गुंडाळून झोपवावं लागलं. एक फायबरच्या पानाची हलगी बरोबर असू द्या. आवाज कोरडा येतो, मला मुळीच आवडत नाही, पण ती दगा देत नाही. हार्मोनियम मात्र सामानात टाकू नका, मांडीवर न्यावी लागली तरी चालेल.

आपल्या सोंगा-साजातल्या वस्तूंकडे एकदा परक्या नजरेने पाहा. वासुदेवाची मोरपिसांची टोपी घरीच ठेवा, मोरपिसं देशाबाहेर न्यायला आपल्याकडेच बंदी आहे. आम्ही रेशमी कापडाची पिसं शिवून घेतली, लांबून कळत नाही. कवड्यांची माळ लपवू नका, फॉर्मवर लिहून मोकळे व्हा. भंडारा हातातल्या पिशवीत नको: अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीलीटरपेक्षा जास्त पूड दिसली की तपासणी वाढते. खरं तर हळद तिकडच्या देशी दुकानात मिळतेच. पण ती उधळायची नाही. धूर ओळखणाऱ्या यंत्राला भंडाराही धूरच वाटतो. कपाळाला बोट लावा, तेवढं बस. दिवटी आम्ही बॅटरीची केली. थोरल्या गायकांना ते पटलं नाही, अजून पटलेलं नाही, आणि मलाही त्यांचं बरोबर वाटतं. पण आगीच्या नियमापुढे इलाज नव्हता. शेवटी ते दिवटीकडे न बघता गायले. आणि हो, युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आमचे दोन किलो कंदी पेढे फ्रँकफर्टला कचऱ्यात गेले. शेंगदाण्याची चटणी वाचली.

कार्यक्रम दोन बांधा. महोत्सवाला पन्नास मिनिटं मिळतात, निवेदन जवळजवळ नाही, संबळ-हलगीची जुगलबंदी वर आणि अल्बममधली तीन गाणी. मंडळाला अडीच तास, त्यात बतावणी, विनोद, सगळं. मंडळासाठी एक काम आठवडाभर आधी करा: तिथल्या कार्यकर्त्यांकडून कुटुंबांची कुलदैवतं मागवून घ्या. गोंधळाच्या सुरुवातीला आपण देवांना बोलावतोच, तुळजापूरची भवानी गोंधळा ये, जेजुरीचा खंडेराया गोंधळा ये. त्या माळेत पालीचा खंडोबा, औंधची यमाई, आडिवऱ्याची महाकाली ओवली की तिसऱ्या रांगेतला कोणीतरी संगणकवाला चष्मा काढून डोळे पुसतो. अल्बमचं नवं गाणं त्याच्या लगेच नंतर घ्या.

घरोघरी उतरवलं तर गायकांना वेगळं सांगा: जेवणानंतर ‘एकच गाणं म्हणा ना’ला नाही म्हणायचं. रात्री दोनपर्यंत माजघरात मैफल झाली की दुसऱ्या दिवशी गळा बसतो, आणि यजमानच तक्रार करतात.

सीडी कोणी घेत नाही, गाडीत यंत्रच नसतं. आम्ही पोस्टकार्ड छापलं: पुढे क्यूआर कोड, मागे गाण्याचे शब्द देवनागरीत, आणि तिकडे वाढलेल्या पोरांसाठी रोमनमध्ये. ते संपलं, टी-शर्ट उरले. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक घ्या, गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक कार्यक्रमाची गाण्यांची यादी आयोजकाकडे लेखी द्या, म्हणजे तिकडच्या संस्थेकडून मानधन येण्याची वाट मोकळी राहते. आणि आजीकडून आलेल्या गाण्यापुढे ‘गीत’ म्हणून स्वतःचं नाव घालू नका. ‘पारंपरिक’ लिहा, संगीत संयोजनाला आपलं नाव घाला. या एका गोष्टीवरून आमच्यात महिनाभर बोलणं बंद होतं.

पैशाची बोलणी करताना कर कापून की कापण्याआधी, हे पहिल्याच फोनवर विचारा. अमेरिकेत परदेशी कलावंताच्या बिदागीतून सहसा ३० टक्के कापतात, ब्रिटनमध्ये २० टक्के. दौऱ्याचा खर्च दाखवून कमी कापायची सोय दोन्हीकडे आहे, पण अर्ज आधी करावा लागतो, अमेरिकेत निदान ४५ दिवस. कापल्याचा दाखला मिळेल याची लेखी हमी घेतल्याशिवाय ते गाव सोडू नका, आपल्याकडे विवरणपत्र भरताना तोच लागतो.

परतीच्या विमानातून मुंबईला पहाटे उतराल, सगळे दमलेले असतील, बाहेर गाडी उभी असेल आणि कोणीतरी म्हणेल, चला हिरव्या वाटेने. जाऊ नका, ती कस्टम्सला दाखवण्यासारखं काही नसलेल्यांची. लाल वाटेवर जा, अधिकाऱ्याला उठवा, पिवळ्या पानावर परत आल्याचा शिक्का घ्या. आम्ही त्या दिवशी पाऊण तास थांबलो. खोके उघडले, दोन भांडी मोजली गेली, आणि यादीत ‘संबळ, नग १’ पाहून आपला मराठी अधिकारी काहीही न विचारता शिक्का मारून मोकळा झाला.